दगड उचलू नकोस

वसतिगृहाच्या एका खोलीत तीन खाटा आणि एक आरसा होता, तेव्हापासूनची तिघींची मैत्री. पुढे एक शाळेत भूगोल शिकवायला लागली. तिला बाकीच्या दोघी मास्तरीण म्हणत. दुसरी दवाखान्यात एक्सरे काढायची, म्हणून ती फोटोवाली. ‘हिच्या फोटोत कुणी हसत नाही,’ हा मास्तरणीचा विनोद इतका जुना झाला होता की त्यावर आता एकटी मास्तरीणच हसायची. तिसरीने वडिलांच्या मागे त्यांची बेकरी चालवायला घेतली. ती पावबाई. मैद्याचं पोतं पाठीवर टाकून जिना चढणारी, मोठ्याने बोलणारी आणि काम सांगितलं तर सांगितलं तसंच करणारी.

चाळिशी उलटली, तिघींचे संसार तीन दिशांना गेले. पण वर्षातून एक दिवस नवरे, सासवा, मुलं सगळं मागे ठेवून कुठेतरी जायचं, हा नेम त्यांनी मोडला नव्हता. कुठे जायचं ते मास्तरीण ठरवायची, आणि गाडीही तीच चालवायची. या वर्षी तिने लाव्हारसाची गुहा काढली. वाटेत तिने वर्गात समजावते तसं समजावलं. जमिनीतून तापलेला रस उसळून वाहायला लागतो, दुधावर धरते तशी त्याच्यावर साय धरते, त्या सायीचा दगड होतो, आणि आतला रस पुढे निघून गेला की मागे लांबलचक पोकळ नळी उरते.

“म्हणजे वरचं कवच भाजलं आणि आतला गर पळाला,” पावबाई म्हणाली. “असा पाव निघाला तर गिऱ्हाईक तोंडावर मारतं माझ्या.”

ज्या गुहेला जातो म्हणून घरी सांगितलं होतं, तिच्या फाटकाला साखळी होती. पायऱ्यांची दुरुस्ती चालू आहे, असा फलक लावलेला. इतक्या लांब येऊन परत फिरणं मास्तरणीच्या स्वभावात नव्हतं. तिला दुसऱ्या एका गुहेचं तोंड माहीत होतं, बरंच पुढे, कुरणात. शाळेतल्या एका सहकाऱ्याबरोबर ती पूर्वी एकदा तिथे उतरली होती. दोघींनी मान डोलावली. घरी कळवावं, असं फोटोवालीच्या मनात आलं. पण फोनला रेंज नव्हती, आणि संध्याकाळच्या आत परतायचंच तर होतं. तेव्हा घरचे त्यांना जिथे समजत होते, तिथे त्या नव्हत्या.

कच्च्या रस्त्याच्या कडेला गाडी लावून त्या गवतातून चालत गेल्या. गुहेचं तोंड म्हणजे जमिनीला पडलेलं भगदाड. कधीतरी तिथलं छत कोसळलं होतं आणि त्याच दगडांची उतरंड खाली गेली होती. वर ऊन होतं, खाली तळघरासारखा गारवा. हेल्मेटं चढवली, कपाळावरचे दिवे लावले, हातमोजे घातले आणि एकीमागून एक त्या उतरल्या.

आत गेल्यावर तिघींनी दिव्यांचा उजेड भिंतींवर फिरवला. पाण्याच्या टाकीला आतून रेघा पडतात तशा आडव्या रेघा दोन्ही भिंतींवर होत्या. रस कुठवर चढला होता आणि कसा कसा ओसरला, ते त्यांवरून दिसत होतं. छताला काळे थेंब लोंबत होते, गळता गळता गोठलेले. दगड असा खरखरीत की फोटोवालीने नुसता हात टेकला तर मोज्याचा दोरा निघाला. मास्तरीण पुढे चालत होती, हातवारे करत दाखवत होती, आणि तिचा आवाज भिंतींवरून फिरून परत येत होता. पावबाईने मध्येच एक गाणं म्हणून पाहिलं. तिचा सूर कधीच लागत नसे, पण गुहेने तो बराच सावरून घेतला.

पुढे छत खाली आलं. एका जागी पोटावर सरपटत जावं लागलं आणि पावबाई अडकते की काय, यावर बरीच चेष्टा झाली. पलीकडे मोठं दालन होतं. तिथे बसून त्यांनी पावबाईने आणलेले बन खाल्ले, थर्मासमधला चहा घेतला. दिवे विझवून पूर्ण अंधार म्हणजे काय असतो तेही पाहिलं. फोटोवाली नंतर म्हणायची की इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

परत निघाल्यावर ते घडलं. सरपटायची जागा मागे टाकली की छतातून पडलेल्या दगडांचा एक ढीग उतरावा लागत होता. मास्तरीण आधी उतरली आणि मागच्या दोघींना पाय कुठे ठेवायचे ते दाखवायला खाली उभी राहिली. ढिगातला एक दगड, पत्र्याच्या मोठ्या ट्रंकेएवढा, हलला. कुणाच्या पायाने की आपोआप, ते पुढेही कुणाला सांगता आलं नाही. आवाजही फार झाला नाही. दगड घसरत आला, मास्तरीण मागे सरकली आणि आडवी झाली. दगड थांबला तेव्हा तिचा उजवा पाय गुडघ्याच्या खाली त्याच्याखाली होता.

पहिल्यांदा ती ओरडलीही नाही. “काढा गं,” एवढंच म्हणाली, जणू पदर दारात अडकला असावा.

दोघींनी दगडाला हात घातले. तो हलला, पण वरून बारीक दगडांची धार सुटली आणि तो होता त्याहून जरा पुढे येऊन बसला. तेव्हा मात्र मास्तरीण ओरडली. पुन्हा जोर लावला, पुन्हा तेच. पावबाईने पाठ टेकून, पाय समोरच्या भिंतीला लावून पाहिलं. दगड उचलला जात नव्हता, पण पाठीचा टेकू राहिला तर निदान पुढे सरकत नव्हता. टेकू काढला तर तो मांडीवर यायला वेळ लागला नसता. म्हणजे पावबाईला तिथून उठता येणार नव्हतं, आणि मदत आणायला फोटोवालीलाच जायला हवं होतं.

जाण्याआधी तिने पावबाईच्या कानाशी तोंड नेलं. दवाखान्यात एकदा एक माणूस आणला होता, भिंतीखाली सापडलेला. लोकांनी तासन्‌तास खपून भिंत बाजूला केली होती. एक्सरेच्या टेबलावर तो तिच्याशी बोलत होता, पाणी मागत होता, आणि बोलता बोलता गेला. वजन निघालं की चेंगरलेल्या अवयवात साचलेलं विष एकदम हृदयाकडे धावतं, असं डॉक्टरांनी तिला नंतर सांगितलं होतं. वजन काढायच्या आधी सलाईन, औषधं लागतात.

“आत्ता लगेच निघाला असता तर गोष्ट वेगळी होती,” ती म्हणाली. “मी बाहेर पोचेन तोवर वेळ टळलेली असेल. मग दगड हलला, निघतोय असं वाटलं, तरी उचलू नकोस. डॉक्टर येईपर्यंत नाही. ही रडेल, शिव्या देईल, काहीही करेल. उचलू नकोस.”

“नाही उचलणार,” पावबाई म्हणाली.

फोटोवालीने पाण्याची बाटली, उरलेले बन आणि स्वतःचं जाकीट तिथे ठेवलं. मास्तरणीने तिचा हात घट्ट धरला होता; तो सोडवून घ्यावा लागला.

गुहा म्हणजे नळी, सरळ चालत सुटलं की बाहेर, असं फोटोवालीला वाटत होतं. ती धावू लागली. धावण्यासारखी ती जागा नव्हती. ठेचा लागत होत्या, एकदा कोपर भिंतीला घासून बाही फाटली. पण थांबलं तर मागचं ऐकू येईल, या भीतीने ती थांबत नव्हती. बरंच अंतर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की छताला मुळं लोंबतायत. केसांच्या बटांसारखी, पांढुरकी, ओलसर. येताना ही नव्हती. आपण वर पाहिलं नसेल, अशी तिने मनाची समजूत काढली आणि ती चालत राहिली. मुळं दाट झाली. छत खांद्याशी आलं, मग कमरेशी. ती रांगली. शेवटी दिव्याच्या उजेडात समोर भिंत आली, काळी, गुळगुळीत, पातेल्यात आटून बसलेल्या पाकासारखी. रस इथेच थांबून गोठला होता. पुढे काही नव्हतं.

कुठेतरी दुसरी नळी येऊन मिळाली असणार. येताना ती पाठीमागून मिळाली, म्हणून दिसली नाही. जाताना समोर दोन तोंडं होती आणि धावण्याच्या नादात तिने एकच पाहिलं. हे तिला आता कळलं. ती घाईने वळली, हेल्मेट छतावर आपटलं, कपाळावरचा दिवा निसटून दगडावर पडला आणि विझला. चाचपून तिने तो उचलला, बटण दाबलं, थोपटला, पुन्हा दाबलं. काच फुटली होती.

फोन काढला. त्यात बॅटरी थोडीच होती. सकाळपासून ती फोटो काढत होती. उजेड केला तर बाहेर गेल्यावर बोलायला फोन उरणार नव्हता. नाही केला तर बाहेर जायचं कसं?

तेवढ्यात डोक्यावर धप्‌ धप्‌ असा आवाज आला. गुरं चालत होती. एकामागून एक खूर, अगदी वर. मुळं इथवर आली म्हणजे छत पातळ असणार. हात-दोन हात दगड, त्यावर माती, त्यावर गवत आणि गवतावर ऊन. तिने एक दगड उचलला आणि छतावर हाणायला सुरुवात केली. ती ओरडली, गुराख्याला हाका मारल्या, कुणालाही हाका मारल्या. डोळ्यांत माती आणि कपच्या पडल्या. खुरांचा आवाज हळूहळू लांब गेला आणि थांबला.

मग ती बसली. गुडघे छातीशी घेऊन, अंधारात. तिला रडू आलं नाही. आपल्याला कोणी शोधणार नाही, शोधलं तर त्या साखळी लावलेल्या फाटकापाशी शोधतील, असा हिशेब तिच्या डोक्यात चालला होता, आणि तो हिशेब इतका चोख होता की उठण्यात अर्थ वाटत नव्हता. थंडी हाडांत शिरत होती. जाकीट तिकडे राहिलं होतं. इथे असं बसून राहिलं तरी चालेल, असं वाटायला लागलं, आणि त्या वाटण्यात एक सुखही होतं.

उठली ती पावबाईमुळे. तिच्या मनात आलं, मी नको म्हणून सांगितलंय आणि ती ऐकणार. मी परत गेले नाही तर ती दगडाला पाठ लावून तशीच बसून राहील, मास्तरीण तिच्यासमोर जाईपर्यंत, आणि त्यानंतरही. मी सांगितलं म्हणून.

तिने फोन खिशात टाकला, डावा हात भिंतीला लावला आणि परत रांगायला लागली. हात काढायचा नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. मोजा फाटला, मग तळवा. मुळं चेहऱ्यावरून फिरली तेव्हा ती दचकली नाही. उभं राहता येईल इतकं छत वर गेलं तेव्हा ती उभी राहिली आणि पाय घासत चालली. एकदा वाटलं, लांबून कुणीतरी ओरडतंय, मास्तरीण असावी. तिने कानांवर हात ठेवले असते, पण एक हात भिंतीवर होता.

मग भिंत हाताखालून एकदम वळली, मागच्या बाजूला, घराच्या कोपऱ्यासारखी. तिने फोनचा दिवा क्षणभर लावला. एका मोठ्या दगडाच्या आड दुसरं तोंड होतं. इतकं जवळून ती मघाशी गेली होती आणि तिला ते दिसलं नव्हतं. गळ्यातला स्कार्फ काढून तिने त्या तोंडाशी दगडाखाली दाबून ठेवला आणि उजेड विझवून पुन्हा भिंत धरली.

समोर आधी करडं काहीतरी दिसलं, आणि ते डोळ्यांचे खेळ नाहीत हे कळायला तिला वेळ लागला. दगडांच्या उतरंडीवरून ती हातापायांवर चढली आणि गवतात आली. ऊन अजून होतं. पाखरं ओरडत होती. असा दिवस वर चालू होता याचाच तिला राग आला.

गाडीपाशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की किल्ली मास्तरणीच्या खिशात आहे. ती गाडीच्या दाराला टेकून उभी राहिली आणि आता मात्र हुंदके देऊन रडली. फोनला रेंज नव्हतीच. मग तिने नाक पुसलं आणि कच्च्या रस्त्याने, जिकडून आल्या होत्या तिकडे, चालायला लागली.

तिला भेटला तो एक मधवाला. छोट्या ट्रकमध्ये मधमाश्यांच्या पेट्या भरून तो दुसऱ्या शेताकडे चालला होता. मातीने माखलेली, हाताला रक्त, दात वाजतायत अशी बाई रस्त्याच्या मधोमध उभी पाहून आधी त्याने ब्रेक दाबला आणि मग काच वर केली. तिने काचेवर तळवा टेकून सांगितलं. तिला वाटत होतं की आपण नीट सांगतोय. तो नंतर म्हणाला, मला फक्त ‘पाय’ आणि ‘दगड’ एवढं कळलं. पण ते पुरलं. टेकाडावर रेंज येते ते त्याला माहीत होतं. तिथे नेऊन त्याने स्वतःच्या फोनवरून मदत मागितली. पलीकडून विचारलेले प्रश्न तो तिला विचारत होता आणि पेट्यांतून माश्यांची गुणगुण चालली होती. मदतीची माणसं यायला वेळ लागणार होता. ती गुहेकडे परत जायला निघाली, तेव्हा त्याने तिला अडवलं. रस्ता दाखवायला तूच लागणार, तू आत हरवलीस तर सगळंच गेलं, असं तो म्हणाला. तो म्हणत होता ते खरं होतं आणि म्हणून ते सहन होत नव्हतं.

इकडे आत काय झालं, ते तिला पावबाईकडून कळलं, तेही बऱ्याच दिवसांनी आणि तुकड्या-तुकड्याने.

फोटोवाली गेल्यावर त्यांनी एक दिवा विझवला, मग थोड्या वेळाने दुसराही. लागला तर असावा म्हणून. अंधारात पावबाईने बेकरीतल्या गोष्टी सांगितल्या. उधळ्या गिऱ्हाइकाच्या, पिठात पडलेल्या मांजराच्या. मास्तरीण हसलीसुद्धा. मग पाय बधिर झाल्यासारखा वाटला, मग बधिरपणा गेला आणि दुखणं असं आलं की तिला दातांवर दात ठेवता येईनात. याच सुमाराला पावबाईला जाणवलं की दगडाखाली डाव्या बाजूला एक खाच आहे. तिथे खांदा घातला आणि पायांनी जोर दिला तर दगड निघेल. तिने जरासा जोर देऊन पाहिला. दगड खरोखरच उठला, केसभर. तिने तो परत टेकवला. पण मास्तरणीला कळलं होतं.

“तुला येतंय ते,” मास्तरीण म्हणाली. “काढ. काढ ना गं.”

पावबाईने नाही म्हणून सांगितलं. का नाही, तेही सांगितलं. मास्तरणीने आधी विनवण्या केल्या. मुलांच्या शपथा घातल्या. मग फोटोवाली कुठली डॉक्टर लागून गेली, ती परतच येणार नाही, पळून गेली असेल, असं म्हणाली. मग शिव्या. पावबाई ऐकत राहिली. शेवटी मास्तरणीचा आवाज अगदी शांत झाला. तिने जे म्हटलं ते तिला कुठे सापडलं, ते पावबाईला माहीत होतं. पावबाईनेच ते एकदा, फक्त मास्तरणीला, सांगितलेलं होतं.

“तुझी आई वरच्या खोलीत हाका मारत मेली,” मास्तरीण म्हणाली. “तू खाली भट्टीपाशी होतीस. पाव काढून मग जाते म्हणालीस. आता माझ्यापाशी बसून काय दाखवतेस? तू कुणाच्याच कामाची नाहीस.”

 पावबाईचा खांदा त्या खाचेत होता. ती फोटोवालीला नंतर म्हणाली, तेव्हा मी उचलणार होते. खरंच उचलणार होते, निदान तिचं तोंड बंद व्हावं म्हणून. पण फोटोवालीला शब्द दिला होता, आणि दुसरं काही धरायला नव्हतं, म्हणून तो शब्दच धरून बसले. मग मास्तरीण बोलायचीच थांबली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. पावबाई तिचा श्वास ऐकत राहिली. एकदा तो ऐकू येईना, तेव्हा तिने अंधारात हात लांब करून तिच्या नाकाशी धरला.

माणसं आली तेव्हा सूर्य कलला होता. आगीच्या बंबावरचे लोक, दोरखंड, हवेने फुगणाऱ्या उशा, आणि एक तरुण डॉक्टरीण. फोटोवाली पुढे होती. दोन तोंडांपाशी स्कार्फ दिसला, तरी ती थांबली नाही. दिव्यांच्या झोतात पावबाई दिसली, होती तशीच, पाठ दगडाला आणि पाय भिंतीला. तिचे ओठ निळे पडले होते आणि लोकांनी दगडाला दुसरा टेकू लावल्यावर तिला हाताला धरून हलवावं लागलं. पाय तिचे तिला वळवता येत नव्हते.

“उचलला नाही,” तिने फोटोवालीला सांगितलं.

डॉक्टरणीने ढिगावर बसून, कंबर वाकवून मास्तरणीच्या हाताला सलाईन लावलं. दोनदा सुई चुकली. बाटली धरायला फोटोवाली होती. बराच वेळ नुसतं थेंब पडताना बघत राहावं लागलं. मग डॉक्टरणीने मान हलवली, उशा फुगल्या, दगड उठला आणि लोकांनी मास्तरणीला ओढून घेतलं. पायाकडे फोटोवालीने पाहिलं नाही. असले पाय तिने कामावर पाहिले होते आणि याचं काय होणार ते तिला ठाऊक होतं. ती मास्तरणीच्या मानेवर बोटं ठेवून बसली. ठोके मध्येच अडखळले, डॉक्टरणीने घाईने आणखी काहीतरी टोचलं, ठोके पुन्हा चालू झाले. बाहेर नेईपर्यंत तिने बोटं काढली नाहीत.

मास्तरीण वाचली. पाय वाचला नाही. गुडघ्याच्या खाली कापावा लागला. सलाईन न लावता दगड काढला असता तर ही बाई गुहेतच गेली असती, असं मोठ्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. दगड लगेच निघाला असता तर पायही राहिला असता, हेही त्यांनी सांगितलं. दोन्ही गोष्टी फोटोवालीच्या कानावर आल्या. रात्री झोपताना दुसरी तेवढी आठवायची.

दवाखान्यातून घरी गेल्यावर मास्तरणीने दोघींना भेटायला येऊ दिलं नाही. नवरा फोनवर ओशाळून बोलायचा. ती झोपली आहे, तिला बरं नाही, वहिनी, मी सांगतो तिला. महिने गेले. पावबाईच्या पाठीत कळ राहिली ती राहिलीच; पोतं आता कामगार चढवायचे. ती फोटोवालीकडे येऊन बसायची आणि मास्तरणीचा विषय काढायची नाही. एकदाच म्हणाली की पाय गेला म्हणून ती रागावली असेल, तर बरोबरच आहे.

मग मास्तरणीनेच फोन करून बोलावलं. ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, केस कापलेले, चेहरा उतरलेला. नवा पाय भिंतीला टेकून ठेवला होता, बूट घातलेला. नवऱ्याने चहा आणून ठेवला आणि तो बाहेर गेला. थोडा वेळ शाळेचं बोलणं झालं. वर्ग तळमजल्यावर हलवणार होते.

“मी तिथे काय काय बोलले गं?” मास्तरणीने मध्येच पावबाईला विचारलं.

“पाणी मागत होतीस,” पावबाई म्हणाली. “बाकी काही नाही.”

“आणखी?”

“भाऊजींना शिव्या घातल्यास थोड्या. त्या नेहमीच्याच.”

फोटोवालीने कपात पाहिलं. मास्तरीण हसली नाही.

“मला सगळं आठवतंय,” ती म्हणाली. “शब्द न्‌ शब्द. म्हणून बोलावत नव्हते तुम्हाला. पायासाठी नाही.”

 पावबाई एवढी मोठी बाई, पण खुर्चीत आक्रसून बसली होती. मग ती म्हणाली, “ते खोटं नव्हतं. मी भट्टीपाशीच होते.”

“खरं असलं म्हणून काय झालं? तू मला सांगितलं होतंस ते याच्यासाठी नव्हतं.”

यावर पावबाई रडायला लागली. गुहेत ती रडली नव्हती, दवाखान्यातही नाही. मास्तरणीने उठायचा प्रयत्न केला, पाय लावलेला नाही हे ती विसरली आणि खुर्चीचा हात धरून तशीच अर्धवट उभी राहिली. फोटोवालीने जाऊन तिला धरलं. पावबाईची खुर्ची ओढून तिच्या जवळ आणली. 

संध्याकाळी फोटोवाली घरी गेली. तिची सकाळची पाळी होती. पावबाई तिथेच राहिली. भट्टी कोण पेटवणार, असं मास्तरणीच्या नवऱ्याने विचारलं, तेव्हा पेटेल उशिरा, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी बेकरी ऊन वर आल्यावर उघडली. दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनी कुरकुर केली.